ट्रॅक्टर चिखलात घालायच्या आधी ब्रेक कुठे बसवलाय ते बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुना गार्डन ट्रॅक्टर (बसून गवत कापायची छोटी गाडी) दुरुस्त करून चिखलात, दगडधोंड्यांत चालेल असा कसा बनवायचा यावरचा तुमच्या पुरवणीतला लेख दोनदा वाचला. विषय घेतलात त्याबद्दल आधी थँक्यू, कारण हा नाद असलेल्या माणसाला घरचेच वेड्यात काढतात, पेपरवाले कशाला विचारतील. पण लेखात मोठी पुली टाकून स्पीड कसा वाढवायचा याला अर्धा कॉलम आणि ब्रेकला फक्त एक ओळ, तीही पॅड बदला नि केबल ताणा एवढीच. ते वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय, कारण माझ्या ट्रॅक्टरचे पॅड नवे कोरे होते, केबलही ताणलेली होती, आणि तरी तो थांबला नव्हता.

झालं असं की मी एका उतारावरून तिरका खाली येत होतो, अगदी सावकाश, पहिल्या गिअरमध्ये. पुढचं डावं चाक खड्ड्यात गेलं, पुढचा ॲक्सल झुलत झुलत त्याची हद्द ठरवणाऱ्या स्टॉपला टेकला आणि मागचं उजवं चाक अलगद उचललं गेलं. ब्रेक मारला. पेडल नीट कडक लागलं, म्हणजे ब्रेकने पकडलंय हे पायाला कळत होतं, पण ट्रॅक्टर आपला खालीच निघाला, उलट जरा जास्तच जोरात. मागे वळून बघितलं तर हवेतलं चाक उलटं फिरत होतं! खाली मातीचा ढिगारा होता म्हणून त्याला टेकून थांबलो, हेडलाइटची काच गेली, बाकी काही नाही.

नंतर दोन दिवस डोकं खाजवल्यावर उलगडा झाला. अशा बऱ्याच ट्रॅक्टरना ब्रेक चाकावर नसतोच, गिअरबॉक्सच्या एका शाफ्टवर छोटी डिस्क किंवा पट्टा असतो, म्हणजे डिफरन्शियलच्या (मागच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरच्या जोडणीच्या) अलीकडे, इंजिनच्या बाजूला. ब्रेक मारला की डिफरन्शियलचं मोठं चक्र थांबतं, पण त्याच्या पोटातले छोटे गिअर मोकळेच असतात, त्यामुळे जमिनीवरचं चाक पुढे जातं आणि हवेतलं तितकंच मागे फिरतं. गिअरमध्ये ठेवूनही उपयोग नाही, गिअर पण अलीकडेच की. पुढच्या चाकांना तर ब्रेकच नाही. लॉनवर दोन्ही चाकं कायम जमिनीला असतात म्हणून हे कधी लक्षातच येत नाही आणि बनवणाऱ्याचीही चूक नाही, त्याने गवत कापायला बनवलं होतं. खात्री करायची तर सपाट जागी पुढच्या चाकांना दगड लावा, मागची दोन्ही चाकं स्टँडवर उचला, कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि एक चाक हाताने फिरवा. दुसरं उलटं फिरलं तर तुमचाही ट्रॅक्टर माझ्याच जातीचा.

यावर उपाय म्हणजे मागच्या प्रत्येक हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या भागावर, वेगळी डिस्क आणि ती चिमट्यासारखी पकडणारा वेगळा कॅलिपर. मी तेच केलं, ब्रॅकेट तीन वेळा बनवावी लागली कारण पहिल्या दोन जोरात ब्रेक मारला की वाकायच्या. मोठ्या शेतीच्या ट्रॅक्टरसारखी डावी-उजवी वेगळी पेडलं दिली तर आणखी बरं, एक चाक नुसतं फिरत बसलं की त्या बाजूचा ब्रेक हलका दाबायचा, ताकद दुसऱ्या चाकाला जाते. डिफरन्शियलला वेल्डिंग मारून लॉक करायचा जो शॉर्टकट लेखात आहे त्याने हा ब्रेकचा प्रॉब्लेम सुटतो हे मी मान्य करतो, पण मग कडक जमिनीवर वळताना एक चाक घासत ओढलं जातं, वळायला जास्त जागा लागते आणि सगळा पीळ ॲक्सलवर येतो. मी त्या वाटेला गेलो नाही. चाकांना वजनं लावली, खोल नक्षीचे टायर टाकले, हवा कमी केली, माझं काम त्यात भागलं. हवा फार कमी केली की ट्यूबलेस टायर रिमपासून सुटून उरलेली हवाही जाते, त्यामुळे आत ट्यूब टाकली.

आता स्पीडचं. इंजिनवरची ३ इंची पुली काढून साडेचार इंची टाकली की स्पीड दीडपट होतो, हिशोब बरोबर आहे. पण थांबवायची एनर्जी वर्गाने वाढते, म्हणजे सव्वादोन पट, आणि ती त्याच चिमुकल्या ब्रेकने खायची. शिवाय स्पीड वाढवला की चाकाचा जोर तितकाच घटतो, आणि खडकाळ जागी जोरच तर लागतो! मी उलटं केलं, इंजिनची पुली छोटी टाकली. चालत जाणारा माणूस मला मागे टाकतो, टाकू दे.

गव्हर्नर, म्हणजे इंजिनचा वेग हद्दीत ठेवणारा भाग, काढायचा सल्ला तर प्लीज मागे घ्या. ही इंजिनं साधारण ३६०० आरपीएमच्या (मिनिटाला फेऱ्या) हिशोबाने बनवलेली असतात, कनेक्टिंग रॉड ॲल्युमिनियमचा असतो, फ्लायव्हील, म्हणजे इंजिनच्या शाफ्टवरचं जड चाक, तेही बीडाचं नाहीतर ॲल्युमिनियमचं. गव्हर्नर काढून रेस केलं की रॉड तुटून ब्लॉक फोडतो, आणि फ्लायव्हील फुटलं तर तुकडे कुठे जातील ते तुम्हीच ठरवा, तुम्ही त्याच्या मागे फूटभरावर बसलेले असता.

रिपेअरिंगचा भाग लेखात चांगला होता, त्यात माझीही एक भर. माझं इंजिन स्टार्ट करताना उलटा झटका द्यायचं आणि कार्ब्युरेटरमधून फटाका वाजायचा. कार्ब्युरेटर दोनदा खोलून धुतला, प्लग बदलला, फरक शून्य. शेवटी फ्लायव्हील ओढून काढलं तर आतली चावी (फ्लायव्हील शाफ्टवर जागच्या जागी धरणारी छोटी पट्टी) अर्धी कातरलेली, जेमतेम एक मिलिमीटर सरकलेली, नखाला लागत होती पण डोळ्याला पटकन दिसत नव्हती. २५ मिलिमीटरच्या शाफ्टवर एक मिलिमीटर म्हणजे ठिणगीचं टायमिंग साधारण साडेचार अंश चुकलं. कुठल्यातरी आधीच्या मालकाने पातं दगडावर आपटलं असणार. बऱ्याच इंजिनात ही चावी मुद्दाम मऊ धातूची असते, पातं अडकलं की क्रँकशाफ्टऐवजी ती तुटावी म्हणून, तेव्हा तिथे हौसेने स्टीलची चावी ठोकू नका.

आणि कुठलीही जुनी गवत कापायची गाडी चालते असं जे लिहिलंय तेही तितकं खरं नाही. इंटरनॅशनल हार्वेस्टरची १९६१ ची पहिली कब कॅडेट किंवा जॉन डिअरचं १९६३ चं ११० यांसारख्या खऱ्या गार्डन ट्रॅक्टरची फ्रेम जाड स्टीलची आणि गिअरबॉक्स बीडाचा असतो. नुसत्या लॉन ट्रॅक्टरची फ्रेम दाबलेल्या पत्र्याची असते, अशा वापरात स्टिअरिंगच्या भोकांपासून चिरू शकते. माझ्याकडे आधी तसलाच होता, पाव फेरा स्टिअरिंग फिरवलं तरी चाक जागचं हलायचं नाही.

अजून एक, खालचा कापायचा डेक काढला की जमिनीपासून उंची मिळते हे बरोबर, पण तो डेक म्हणजे सगळ्यात खाली टांगलेलं वजन असतं. ते काढून वर मोठे टायर टाकले की ट्रॅक्टर कलंडायला सोपा. बऱ्याच राइडिंग मोवरच्या मॅन्युअलमध्ये १५ अंशांपेक्षा जास्त उतारावर जाऊ नका असं लिहिलेलं असतं आणि ते डेक जागेवर असताना. त्यातून इंजिन स्प्लॅशवालं, म्हणजे ऑइल नुसतं शिंतोड्यांनी उडणारं असलं तर जास्त तिरकं झालं की ऑइल एका बाजूला जाऊन बसतं आणि रॉड कोरडा पडतो. रोल बार (उलटल्यावर चालवणाऱ्याला वाचवणारी मजबूत दांडी) नसेल तर सीट बेल्ट लावू नका, उलटला तर त्याच्यासकट खाली जाल. रोल बार असेल तर मात्र लावाच. सीटखालचा स्विच खड्ड्यांत उसळी बसली की इंजिन बंद करतो म्हणून लोक तो शॉर्ट करून टाकतात, मीही केला होता, त्या ढिगाऱ्यानंतर मनगटाला दोरी बांधायचा किल-स्विच (दोरी ओढली गेली की इंजिन बंद करणारा) लावला, बोटीवर असतो तसला.

लेखाचा पुढचा भाग येणार आहे म्हणे. त्यात ब्रेक डिफरन्शियलच्या अलीकडे आहे की पलीकडे ते दाखवणारी एक साधी आकृती छापा, आणि गव्हर्नरवालं वाक्य दुरुस्त करा. माझ्या डाव्या कॅलिपरमधून अजून थोडं ऑइल गळतंय, तो सील बदलेपर्यंत ट्रॅक्टर सपाटीवरच आहे.

आपला,
एक वाचक