बाबांच्या नऊ हजारांबद्दल

ती. बाबा आणि आई,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, आईने फोनवर सगळं सांगितलं. तिच्यावर रागावू नका. तुम्ही सोमवारपासून कचराळी तलावावर फिरायला गेला नाहीत, ताटावरून अर्धवट उठता, म्हणून ती बोलली. सुताराचे नऊ हजार एका आकड्याच्या चुकीने भलत्याच नंबरवर गेले, एवढंच झालंय. हे तिशीतल्या माणसांचंही होतं. "माझं डोकं चालेनासं झालं" हे मनातून काढून टाका. भिशीच्या प्रकरणानंतर सगळ्यांचे हिशेब कोणी जुळवले होते?

आईचं पाकीट ठाणे स्टेशनवर मारलं गेलं, तेव्हा मी ओट्याशी उभी होते. अख्खा पगार होता त्यात. तुम्ही आधी आलं किसून चहा टाकलात, तिला खुर्चीत बसवलंत आणि मग डायरी उघडून महिन्याचा खर्च नव्याने मांडलात. तिला एक शब्द बोलला नाहीत. आता स्वतःशीही तसंच वागा ना, बाबा.

अ‍ॅपवर तक्रार नोंदवा, मग नौपाड्याच्या शाखेत त्या व्यवहाराचा यूटीआर नंबर घालून लेखी अर्ज द्या. समोरच्याने संमती दिली तरच बँक पैसे परत फिरवते, त्यामुळे वेळ लागेल. नाहीच आले, तरी घरात काही अडणार नाही. "पैसे परत करतो, पिन टाका" असा फोन आला तर सरळ ठेवून द्या; पैसे घ्यायला पिन लागत नाही. आणि कधी कोणी खरंच फसवलं तर लाजत बसायचं नाही. लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, मग मला, रात्री दोन वाजले असले तरी.

एक मात्र मी ठरवलंय. पेन्शनच्या खात्यावरचं यूपीआय बंद करून रोजच्या खर्चाला वेगळं खातं उघडू. विश्वास नाही म्हणून नव्हे हो, माझंही तसंच आहे. दूध, भाजी, औषधं, रिक्षा, सगळं मोबाइलवरून तुम्हीच द्याल, डायरीही तुमच्याच हातात. दुसऱ्या शनिवारी बँक बंद, म्हणून शुक्रवारची रजा टाकली आहे. गुरुवारी रात्री पुण्याहून पोचते.

आई, पिन टाकण्याआधी स्क्रीनवर नाव येतं. ते बाबांनी मोठ्याने वाचायचं, तू ऐकायचं. बीपीची गोळी नाश्त्यानंतर, विसरायची नाही.

सुताराचे पैसे मी दिले आहेत, त्याला पुन्हा पाठवू नका.

तुमची,
छकुली