हा अर्ज नेमका कोणत्या समितीचा? विज्ञानमंत्र्यांना खुले पत्र

मा. विज्ञान व तंत्रज्ञान मंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

संशोधन अनुदानाच्या अर्जात पहिल्याच पानावर 'विषय' नावाचा रकाना असतो आणि त्यात एकच नाव लिहिता येतं. गणित लिहा, भाषा तंत्रज्ञान लिहा, नाहीतर भौतिकशास्त्र. हा रकाना बदलावा, एवढ्यासाठी हे पत्र.

मागणी किरकोळ वाटेल. पण अर्ज कोणत्या समितीपुढे जाणार हे त्या रकान्यावरून ठरतं आणि पुढचं सगळं समितीवरून. आमच्या गटाचा प्रस्ताव असा होता: भाषेची मोठी मॉडेल्स, म्हणजे ढीगभर मजकुरावरून भाषा शिकणाऱ्या संगणकप्रणाली, शिकता शिकता कुठे अडकतात आणि का, हे स्पिन ग्लासच्या गणिताने तपासायचं. स्पिन ग्लास या चुंबकीय पदार्थात अणूंच्या चुंबकीय दिशा एकमेकींशी जुळवून घेऊ पाहतात, पण सगळ्यांचं एकाच वेळी जमत नाही. त्यामुळे तो पदार्थ कमी ऊर्जेच्या असंख्य खाचखळग्यांपैकी कुठल्या तरी एकात रुतून बसतो. त्याचं गणित उलगडल्याबद्दल भौतिकशास्त्रज्ञ जॉर्जिओ पारिसी यांना २०२१ साली नोबेल मिळालं. मॉडेल शिकतं तेव्हा जवळपास असाच प्रकार घडतो, असं आम्हाला दिसत होतं.

हा प्रस्ताव आम्ही एकेक करून तिन्ही विषयांखाली पाठवला. गणिताच्या समितीने शेरा मारला, 'नवीन प्रमेय नाही'. भाषेच्या समितीने लिहिलं, 'प्रचलित चाचण्यांवर गुण किती वाढतील ते नमूद नाही'. भौतिकशास्त्राच्या समितीचं म्हणणं, 'यात भौतिक पदार्थच नाही'. तिन्ही शेरे खरे आहेत. सदस्यांना जे विचारलं त्याचं त्यांनी प्रामाणिक उत्तर दिलं. पण गणित, भाषा आणि पदार्थ एकत्र ठेवून काही हाती लागेल का, हे तिथे कुणालाच विचारलेलं नव्हतं.

आता एक जुनं काम पाहा. १९१३ साली सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीत आंद्रेई मार्कोव्ह या गणितज्ञाने एका रशियन पद्यकादंबरीतली २०,००० अक्षरं मोजून त्यांचा हिशेब मांडला. हे सगळं हाताने. विरामचिन्हं आणि शब्दांमधल्या मोकळ्या जागा गाळून त्यांनी अक्षरं शंभर-शंभरच्या चौकोनांत मांडली, दहा ओळी आणि दहा स्तंभ, आणि स्वर किती, व्यंजनं किती, स्वरामागून स्वर कितीदा येतो हे मोजत गेले. स्वर निघाले ८,६३८, म्हणजे शंभरात साधारण त्रेचाळीस. पण आधीचं अक्षर स्वर असेल तर पुढचंही स्वरच असण्याची शक्यता शंभरात जेमतेम तेरा, आणि आधीचं व्यंजन असेल तर सहासष्ट. अशा एकापुढे एक येणाऱ्या, आधीच्यावर अवलंबून असलेल्या घटनांच्या साखळीतही सरासरीचा नियम टिकतो, म्हणजे मोजमापं वाढली की सरासरी एका आकड्यापाशी स्थिरावते, हे त्यांना दाखवायचं होतं. मुद्दा निव्वळ तात्त्विक होता.

१९५३ मध्ये अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी कणांच्या समूहाचे गुणधर्म संगणकावर काढताना याच साखळ्या वापरल्या. १९७० च्या दशकात बोललेले शब्द ओळखणारी यंत्रणा याच साखळ्यांवर बेतली गेली. कादंबरीतले स्वर मोजायला पैसे हवेत, असा अर्ज आज आला तर तो कोणत्या रकान्यात जाईल, मंत्री महोदय?

अलीकडची उदाहरणं तर अधिकच बोलकी आहेत. २०१७ साली 'ट्रान्सफॉर्मर' ही संगणकीय मॉडेलची रचना मांडली गेली ती यांत्रिक भाषांतरासाठी. त्यातली 'अटेन्शन'ची, म्हणजे कोणत्या शब्दाचा कोणत्या शब्दाशी किती संबंध आहे हे तोलण्याची, कल्पना पुढे प्रथिनांचे आकार ओळखणाऱ्या प्रणालीत गेली आणि २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा त्या कामाला मिळाला. त्याच वर्षी भौतिकशास्त्राचं नोबेल जॉन हॉपफिल्ड आणि जेफ्री हिंटन यांना. हॉपफिल्ड यांच्या १९८२ च्या कामात मेंदूच्या धर्तीवरच्या कृत्रिम जाळ्यातली स्मृती म्हणजे चुंबकासारख्या प्रणालीतली कमी ऊर्जेची अवस्था. त्यातही 'भौतिक पदार्थ' नव्हता.

एका सरकारी निर्णयाची आठवण करून द्यायला हवी. १९६६ साली अमेरिकेत 'अल्पाक' समितीने यांत्रिक भाषांतरावर कडक अहवाल दिला. यंत्राचं भाषांतर माणसाच्या भाषांतरापेक्षा धीमं, कमी अचूक आणि महाग आहे, हा तिचा निष्कर्ष. तेव्हाच्या यंत्रांबद्दल तो बरोबरच होता. पण भाषेच्या संगणकीय अभ्यासाला, त्यातल्या मूलभूत विज्ञानाला आधार द्या, असंही त्याच समितीने सुचवलं होतं. अंमलात आलं ते मुख्यतः पहिलं निम्मं. अनुदान आटलं आणि तिथलं यांत्रिक भाषांतराचं काम कित्येक वर्षं मागे पडलं. १९९० च्या सुमारास त्याला नवी दिशा दिली ती आवाज ओळखण्याच्या संख्याशास्त्रीय पद्धती घेऊन आलेल्या लोकांनी. त्यांचा कच्चा माल होता कॅनडाच्या संसदेचा इंग्रजी-फ्रेंच कार्यवृत्तांत! (सभागृहाचे आणि सरकारी खात्यांचे मजकूर संशोधकांना मोकळे करून द्या, ही विनंती जाता जाता. खर्च थोडा, उपयोग फार.)

यावर आपले अधिकारी सांगतील की 'आंतरविद्याशाखीय' म्हणून येणाऱ्या प्रस्तावांत भरताड बरंच असतं. खरं आहे. असे अर्ज तपासायचं काम मीही केलं आहे. तीन विभागांतली तीन नावं एकत्र टाकायची, पैसे मिळाले की तिघांनी आपापलं जुनं काम पुढे रेटायचं. हे रोखायला हवं आणि ते अवघड नाही. अर्जात एक प्रश्न घाला: 'या कामातून निघणारा असा कोणता निष्कर्ष आहे, जो दुसऱ्या विषयाच्या मदतीशिवाय मांडताच येणार नाही?' ज्यांचं एकत्र येणं नावापुरतं आहे, त्यांना इथे लिहायला काही सुचणार नाही.

तेव्हा 'विषय' रकान्यात एकाहून अधिक नावं लिहू द्या. असे अर्ज संयुक्त समितीकडे जावेत आणि दोन विषयांत प्रत्यक्ष काम केलेला निदान एक सदस्य तिच्यावर असावा. कोणत्याही एका विषयाच्या नकारावर अर्ज निकाली निघू नये. तिसऱ्या वर्षी 'उपयोग सिद्ध करा' ही अट अशा कामांना लावू नका. त्याऐवजी काय समजलं आणि कोणती वाट चुकीची निघाली, हे लिहून मागा. आणि या कामावर पीएचडी करणाऱ्या मुलांना नोकरीच्या वेळी 'तुम्ही आमच्या विभागाचे नाही' हे ऐकावं लागतं, त्याचाही विचार याच नियमावलीत व्हावा. आमच्या गटातली दोन हुशार मुलं याच कारणाने संशोधन सोडून गेली, आणि ते नुकसान पुढच्या वर्षीच्या अनुदानाने भरून निघणारं नाही.

यासाठी वेगळा निधी लागत नाही. पुढच्या वेळी प्रस्ताव मागवताना नियमावलीतलं छाननीचं कलम तेवढं बदलावं लागेल. त्याचा मसुदा आम्ही काही संशोधकांनी मिळून तयार केला आहे. आपल्या कार्यालयाने वेळ दिल्यास तो घेऊन भेटायला येऊ.

आपला विश्वासू,
एक गणित संशोधक