मोरसास गेला

प्रिय बंड्या,

अण्णांच्या अस्थी घेऊन नाशिकला जाऊन आलो हे फोनवर बोललोच. रामकुंडावर पुढे जे झालं ते मात्र फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून पत्र.

विधी आटोपल्यावर उपाध्यांनी आडनाव विचारलं, मग गाव. मी पुण्याचा पत्ता सांगायला लागलो. "राहता कुठे ते नको, मूळ गाव." रत्नागिरीकडचं नाव सांगताच आतून लाल फडक्यात बांधलेली लांबट वही आली. पानं मागे मागे उलटत गेली. आजोबांची सही, वळणदार बालबोध. त्यामागे पणजोबा. मग मोडी सुरू झाली आणि शके 1780 ला उपाध्ये थांबले. त्यात 78 मिळवले की 1858. खापरपणजोबा.

आमच्या घरी हे गृहस्थ म्हणजे कोणी बडे कारकून. रंगात आले की अण्णा त्यांना पार पेशव्यांच्या दफ्तरात नेऊन बसवायचे. वहीत सहीच्या जागी काय, तर 'निशाणी नांगर' आणि शेजारी चार रेघांचा नांगर. लिहिता न येणाऱ्या कुणब्याची सही! त्यातली एक रेघ शाई जास्त उतरून फुगलीय. मी तिच्याकडे बघतच बसलो. मागची मंडळी खोळंबली, एक आजोबा तर चक्क खाकरले.

खरी गोम पुढच्या ओळीत होती. "बंधू मोरसास गेला." मोरस म्हणजे मॉरिशस रे! आजी साखरेला मोरस म्हणायची, तुझ्या चहात चमचाभर जास्तच घालायची, आठवतं? तिथल्या उसाच्या मळ्यांवर 1834 पासून आपल्याकडचे मजूर करारावर नेत. कलकत्ता, मद्रास आणि आपलं मुंबई बंदर. मुंबईहून गेलेल्यांत कोकणातले पुष्कळ. आणि अण्णा जन्मभर सांगत आले, आपलं एकच घर, आपल्याला भाऊबंद नाहीत.

या मजुरांची रजिस्टरं मॉरिशसला मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत आहेत. प्रत्येकाला नंबर, बापाचं नाव, वय, उंची, जिल्हा. नावं मात्र कारकुनाच्या कानाला लागली तशी लिहिलेली. रत्नागिरीचं त्या काळच्या इंग्रजीत 'रटनाघेरी' व्हायचं. तेव्हा आमच्या माणसाचं काय झालं असेल ते देव जाणे.

अर्ज लिहायला घेतलाय, पण एका शब्दापाशी अडलोय. 'बंधू'च्या आधी काहीतरी आहे, त्यावर पाण्याचा डाग. उपाध्ये म्हणाले 'धाकटे', मला 'चुलत' असावंसं वाटतं. चुलत असेल तर बापाचं नाव बदललं, आणि मी भलत्याच्याच मागे लागायचो. तू मोडीचा वर्ग केलायस, शिवाय तुला माझ्यासारखी घाई नाही. फोटोची मोठी प्रत सोबत ठेवलीय. भिंग घेऊन बस आणि मला बरं वाटावं म्हणून काही सांगू नकोस.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
बाळ्या