ट्रेंटनचा पूल आणि ५३८ मतं

एडिसन, न्यू जर्सी

प्रिय श्रीधर,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या अकरावीच्या मुलांचा प्रश्न तू जसाच्या तसा कळवलास, ते फार बरं केलंस. "जास्त मतं मिळवून माणूस हरतो, तर ही पद्धत मोडीत का काढत नाहीत?" याचं उत्तर फोनवर देण्यासारखं नाही, म्हणून सविस्तर लिहितो. माझं मत आधीच सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना तुला ते तपासता येईल. अमेरिकेचा अध्यक्ष लोक थेट निवडत नाहीत, राज्याराज्यांतून नेमलेल्या निर्वाचकांचं मंडळ निवडतं. दोष या निर्वाचक मंडळाच्या कल्पनेत आहे त्यापेक्षा किती तरी जास्त "राज्यात एक मत पुढे, त्याला सगळी मतं" या नियमात आहे. आणि हा नियम अमेरिकेच्या घटनेत कुठेही लिहिलेला नाही.

आधी हिशेब. अमेरिकेची संसद म्हणजे काँग्रेस; तिच्या दोन सभागृहांतल्या जागांइतके, म्हणजे प्रतिनिधिगृहाचे ४३५, सिनेटचे १०० आणि १९६१ च्या २३ व्या दुरुस्तीने राजधानी वॉशिंग्टनला मिळालेले ३, असे ५३८ निर्वाचक. जिंकायला २७० लागतात. प्रत्येक राज्याला सिनेटचे दोन धरूनच आकडा मिळतो, त्यामुळे लहान राज्यांचं पारडं जड होतं. २०२० च्या जनगणनेत वायोमिंगची लोकसंख्या पावणेसहा लाखांच्या आसपास आणि निर्वाचक ३, म्हणजे एकामागे साधारण १ लाख ९२ हजार माणसं. कॅलिफोर्नियात ३ कोटी ९५ लाख माणसं आणि ५४ निर्वाचक, म्हणजे एकामागे ७ लाख ३२ हजार. पावणेचार पटींहून जास्त फरक! मुलांना फळ्यावर हा भागाकार करायला लाव, लगेच लक्षात येईल.

पण सगळे या भागाकारावरच थांबतात आणि तिथेच गफलत होते. निकाल उलटा लागतो तो मुख्यतः एकगठ्ठा नियमाने. ४८ राज्यं आणि राजधानी यांत पहिल्याला सगळं मिळतं. फक्त मेन (१९७२ पासून) आणि नेब्रास्का (१९९२ पासून) दोन निर्वाचक राज्याच्या विजेत्याला आणि बाकीचे मतदारसंघवार देतात. २०२४ मध्ये कॅलिफोर्नियात ट्रम्प यांना ६० लाखांवर मतं पडली, निर्वाचक शून्य. टेक्सासमध्ये हॅरिस यांना ४८ लाखांच्या आसपास, निर्वाचक शून्य. ही सगळी मतं जमेला धरलीच गेली नाहीत.

इथून तासाभराच्या आत ट्रेंटन आहे, आमच्या राज्याची राजधानी. तिथे डेलावेअर नदीवर एक जुना लोखंडी पूल आहे, त्यावर मोठ्या अक्षरांत "ट्रेंटन घडवतं, जग घेतं" अशा अर्थाची ओळ लिहिलेली आहे. पुलाच्या अलीकडे न्यू जर्सी, १४ निर्वाचक. हे राज्य १९९२ पासून दर वेळी डेमोक्रॅट पक्षाकडे गेलंय. पलीकडे पेनसिल्व्हेनिया, १९ निर्वाचक. तिथे २०१६ मध्ये फरक ४४ हजारांचा आणि २०२० मध्ये ८० हजारांचा. प्रचार, जाहिराती, दारोदार फिरणारे कार्यकर्ते, सगळं पलीकडच्या काठावर. अलीकडे टपालपेटीत पत्रकही क्वचित पडतं. एडिसनमध्ये मराठी घरं खूप आहेत. त्यांतल्या नव्या नागरिकांनी रांगेत उभं राहून दिलेलं मत आणि पुलापलीकडच्या शेजाऱ्याचं मत यांना अध्यक्षीय निवडणुकीत सारखं वजन नाही. मला ही गोष्ट मनापासून लागते.

म्हणून "मंडळ लहान राज्यांचं रक्षण करतं" हा युक्तिवाद मला पटत नाही. २०२४ मध्ये लढाई सात राज्यांत झाली: पेनसिल्व्हेनिया, मिशिगन, विस्कॉन्सिन, जॉर्जिया, नॉर्थ कॅरोलिना, ॲरिझोना, नेवाडा. मिळून ९३ निर्वाचक. वायोमिंग, व्हरमाँट, दोन्ही डाकोटा यांतलं एकही त्यात नाही. उमेदवार राज्याचा आकार बघून जात नाही, जिथे चुरस आहे तिथे जातो.

आता उलटे निकाल. २००० मध्ये डेमोक्रॅट उमेदवार गोर यांना देशभरात सुमारे ५ लाख ४३ हजार मतं जास्त, पण फ्लोरिडात ५३७ मतांनी मागे, आणि बुश २७१ वर अध्यक्ष. २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांना ट्रम्प यांच्यापेक्षा जवळपास २९ लाख मतं जास्त, पण मिशिगन, विस्कॉन्सिन, पेनसिल्व्हेनिया मिळून ७८ हजारांनी मागे. त्याआधी १८७६ आणि १८८८ ला हेच झालं होतं. २०२० मात्र मुलांना आवर्जून सांग. बायडेन देशात ट्रम्प यांच्या ७० लाखांनी पुढे, तरी ॲरिझोना, जॉर्जिया, विस्कॉन्सिनमध्ये मिळून जेमतेम ४३ हजारांनी पुढे. ती तीन राज्यं फिरली असती तर २६९–२६९. मग अध्यक्ष निवडतं प्रतिनिधिगृह, आणि तेही दर राज्याला एक मत या हिशेबाने. कॅलिफोर्नियाच्या ५२ सदस्यांचं मिळून एक, वायोमिंगच्या एकट्या सदस्याचं एक, राजधानीला काहीच नाही. २६ राज्यं ज्याच्या बाजूला, तो अध्यक्ष. मंडळ ठेवा म्हणणाऱ्यांनाही या कलमाचं समर्थन करताना जड जातं.

हे सगळं आलं कुठून? १७८७ च्या फिलाडेल्फियातल्या घटना परिषदेत, घटनेचे एक प्रमुख शिल्पकार जेम्स मॅडिसन यांनी १९ जुलैला उघड सांगितलं होतं की थेट निवडणूक सगळ्यात योग्य, पण दक्षिणेला तिचा फायदा होणार नाही. गुलामांना मत नव्हतं, पण प्रतिनिधिगृहाच्या जागा ठरवताना पाच गुलामांमागे तीन माणसं धरली जात. निर्वाचकांचा आकडा त्या जागांना बांधला, की गुलामांचं वजन मालकांच्या पदरात. एकगठ्ठा नियम मात्र नंतरचा, निव्वळ पक्षीय डावपेचाचा. १८०० मध्ये अध्यक्षपदाचे उमेदवार जेफरसन यांच्या माणसांनी व्हर्जिनियात जिल्हावार पद्धत मोडून सगळी मतं एका गाठोड्यात बांधली. शेजाऱ्याने केलं तर आपण का नाही, असं होत होत १८३६ पर्यंत साऊथ कॅरोलिना सोडून सगळीकडे तेच झालं. मॅडिसन यांनी १८२३ मध्ये जिल्हावार पद्धत परत आणावी असं सुचवलं, पण तोवर फार उशीर झाला होता. घटना एवढंच म्हणते की निर्वाचक कसे नेमायचे ते राज्याच्या विधिमंडळाने ठरवावं.

मग सगळीकडे मतदारसंघवार केलं तर? वाटतं तितकं सोपं नाही. मतदारसंघांच्या सीमा पक्षच सोयीने आखतात. २०१२ चा निकाल त्या पद्धतीने मांडला, तर ओबामा ५० लाखांच्या आसपास मतांनी पुढे असूनही रॉम्नी २७४–२६४ ने जिंकतात. औषध रोगाहून वाईट.

ठेवणाऱ्यांचा एक मुद्दा मी फार गंभीरपणे घेतो, तो म्हणजे फेरमोजणी. २००० चं भांडण फ्लोरिडात कोंडलं गेलं. देशभर एकच बेरीज असती आणि फरक १९६० सारखा लाखभराचा असता, तर प्रत्येक काउंटीत (जिल्ह्यात) मोजणी उघडावी लागली असती, आणि प्रत्येक राज्याचे नियम वेगळे. मतदार यादी, टपाली मतांची मुदत, फेरमोजणी किती फरकाला, हे सगळं राज्याराज्यांत निराळं. थेट मतदान हवं असेल तर या तिन्ही गोष्टींचा एक राष्ट्रीय कायदा आधी हवा. मंडळ रद्द करा म्हणणारे यावर फार कमी बोलतात, आणि इथेच त्यांची बाजू लंगडी पडते.

नेमकी हीच अडचण २००६ पासून चाललेल्या आंतरराज्य कराराची. सामील राज्यं आपले निर्वाचक देशात जास्त मतं मिळवणाऱ्याला देणार, पण सामील राज्यांचे मिळून २७० पुरे झाल्यावरच. २०२४ मध्ये मेन आल्यावर १७ राज्यं आणि राजधानी मिळून २०९ झाले. युक्ती हुशारीची, पण जोड कच्चे. मेनमध्ये पसंतीक्रमाने मतदान होतं, तर कुठल्या फेरीचा आकडा राष्ट्रीय बेरजेत धरायचा? एखाद्या राज्याने आपला आकडा वेळेत कळवलाच नाही तर? काँग्रेसची संमती लागते की नाही, हाही वाद आहेच. आणि २०९ पैकी सगळा भरणा एकाच पक्षाच्या बाजूच्या राज्यांचा. पहिल्या निकालातच कुठलं तरी राज्य बिथरेल, अशी मला धास्ती वाटते.

म्हणून मी घटनादुरुस्तीच्या बाजूचा. दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश आणि ३८ राज्यांची मंजुरी, म्हणजे १३ राज्यं अडली की संपलं. तरी एकदा हे हाताशी आलं होतं. १९६८ ला तिसऱ्या पक्षाचे उमेदवार जॉर्ज वॉलेस यांनी ४६ निर्वाचक मिळवले, दोन्ही मोठे पक्ष घाबरले, आणि सप्टेंबर १९६९ मध्ये प्रतिनिधिगृहाने थेट निवडणुकीची दुरुस्ती ३३८ विरुद्ध ७० ने मंजूर केली. तिच्यात ४० टक्क्यांची अट होती. कुणालाच तेवढी मतं नसतील तर पहिल्या दोघांत दुसरी फेरी. अध्यक्ष निक्सन यांचाही पाठिंबा होता. १९७० मध्ये सिनेटमध्ये मुख्यतः दक्षिणेतल्या सदस्यांनी चर्चा लांबवून ती मारली. चर्चा बंद करायचा ठराव ५४–३६ वर अडला, कारण तेव्हा त्यालाही दोन तृतीयांश लागत.

मधल्या काळात झालेल्या सुधारणा किरकोळ, पण कामाच्या. निर्वाचकाने ठरलेल्या उमेदवारालाच मत देण्याचा शब्द मोडला तर राज्य कारवाई करू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं. २०२२ च्या कायद्याने ६ जानेवारीला काँग्रेसमध्ये होणाऱ्या निर्वाचकांच्या मतमोजणीत हरकतीला दोन्ही सभागृहांच्या एक पंचमांश सदस्यांच्या सह्या लागतात. आधी प्रत्येकी एक पुरे. उपाध्यक्षांचं काम निव्वळ औपचारिक, हेही त्यात स्पष्ट लिहिलंय.

वर्गात तुलनेला आपले राष्ट्रपती घे. तेही निर्वाचक मंडळच निवडतं. १९७१ च्या जनगणनेतले महाराष्ट्राचे ५,०४,१२,२३५ लोक भागिले २८८ आमदार, भागिले हजार, म्हणजे एका आमदाराच्या मताचं मूल्य १७५. गोव्याचं २०. पण तिथे प्रत्येक आमदाराचं मत स्वतंत्र मोजलं जातं. महाराष्ट्रातली काही मतं एकाला, काही दुसऱ्याला, आणि सगळी हिशेबात येतात. मुलांना महाराष्ट्राची सगळी ५०,४०० मतं एकगठ्ठा पुढच्या उमेदवाराला द्यायला लाव, मग उत्तर प्रदेशची तशीच, आणि बेरीज पुन्हा मांडायला सांग. २०२२ चे राज्यवार आकडे घे, तास पुरेल.

वहिनींना नमस्कार. तास झाला की मुलांनी काय विचारलं ते कळव.

तुझा,
विनायक