आजचा मुक्काम अंगणापर्यंत

ती. आई आणि ती. बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर तुम्ही दोघं एकदमच बोलता आणि मुद्द्याचं राहूनच जातं, म्हणून लिहायला बसले. बाबा, हे आईला मोठ्याने वाचून दाखवा. तुमच्यावरचा भाग गाळायचा नाही.

आई, गुडघा बदलायच्या ऑपरेशनला दोन महिने होत आले. जखम भरली, एक्स-रे चांगला आला, सर्जननी वॉकर सोडून काठी घ्यायला सांगितलं. तरी ओट्याच्या तीन पायऱ्या उतरून तू अजून अंगणात गेलेली नाहीस. तुळशीला पाणी बाबा घालतात. विचारलं की म्हणतेस, "पाय सटकेल गं, धीरच होत नाही." आणि वर, "पांडुरंगाच्या मनात असेल तेव्हा होईल."

इथेच माझं तुझ्याशी भांडण आहे. फिजिओथेरपिस्ट म्हणून दिवसभर मी असेच बदललेले गुडघे चालते करते. तिथे लोक माझं ऐकतात, घरी मात्र पिकतं तिथं विकत नाही! धीर आला की चालू, असं म्हणणारे पेशंट खुर्चीतच राहतात आणि पाय आणखी आखडतो. भिंतीला धरून चार पावलं टाकली आणि पडलो नाही, की पाचव्यापुरता धीर येतो. एकरकमी कुणालाच मिळत नाही.

तुला हे मी काय सांगणार? आळंदीहून निघालेला वारकरी पंढरपूरपर्यंतच्या अडीचशे किलोमीटरची खात्री करून थोडाच निघतो? आजचा मुक्काम कुठे, एवढंच विचारतो. माउलींची पालखी नीरा ओलांडून लोणंदला आली की तू दिंडीला पिठलं-भाकरी पोचवायचीस आणि दुसऱ्या दिवशी तरडगावच्या वाटेवर चांदोबाच्या लिंबापर्यंत चालत जायचीस, उभं रिंगण बघायला. गुडघे तेव्हाही कुरकुरायचेच. पण तेव्हा पांडुरंगावर भार टाकून तू पाय उचलायचीस. आता त्याच्यावर भार टाकून बसून राहतेस. माझी भक्ती यथातथाच, तू जाणतेस, पण तुझी ही दुसरी तऱ्हा मला पटत नाही.

आता कामाचं. परवाच्या व्हिडिओ कॉलवर तुझ्या गुडघ्याखाली उशी दिसली. ती आजच काढ. आराम वाटतो खरा, पण गुडघा वाकडाच राहायची सवय लागते आणि मग पाय पूर्ण सरळ होत नाही. त्यापेक्षा टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेव आणि गुडघा खाली गादीकडे दाब. पाचपर्यंत मोज, सोड. मांडी थरथरेल, थरथरू दे. व्यायामानंतर बर्फाचा शेक घे, कापड गुंडाळून. गुडघा गरम लागणं, संध्याकाळी सुजणं हे काही महिने चालतं. मधूनच कट् असा आवाज येतो तो धातू आणि प्लॅस्टिकचा, काही निसटलेलं नसतं. मात्र पोटरी दुखून सुजली, ताप आला किंवा जखमेतून पाणी आलं, तर थांबू नका, लगेच दवाखाना गाठा. आणि छातीत दुखून दम लागला तर अँब्युलन्स बोलवा, आधी मला फोन करत बसू नका.

बाबा, आता तुमची पाळी. तुम्ही आईला तांब्या हातात देता, चप्पल पायात घालता, ती उठायच्या आत "थांब थांब" म्हणता. तुमचा जीव तुटतो हे दिसतं मला. पण तुमच्या प्रत्येक "थांब"ने तिला वाटतं की खरंच काहीतरी मोडणार आहे. तांब्या स्वयंपाकघरातच राहू दे. तहान लागली की ती जाईल. शेजारच्या काकूंनी त्यांच्या नणंदेचा गुडघा कसा बिघडला ते सांगायला सुरुवात केली, की तुम्ही खुशाल टीव्ही मोठा करा.

पायऱ्यांचं नीट ऐका. ऑपरेशन उजव्या पायाचं, तर काठी डाव्या हातात. सगळे उलटं धरतात. उजव्या हाताने कठडा. उतरताना आधी काठी आणि उजवा पाय, मग डावा. चढताना आधी डावा, मग उजवा आणि काठी. एका पायरीवर दोन्ही पाय आल्याशिवाय पुढची घ्यायची नाही. बाबांनी उतरताना एक पायरी खाली उभं राहायचं, हात तयार ठेवायचा, पण धरायचं नाही. पहिल्या दिवशी एकच पायरी उतरून परत वर आलीस तरी चालेल. भीती वाटेल, ती तशीच बरोबर घेऊन उतर.

आषाढात चांदोबाच्या लिंबापर्यंत चालत जायचं की अर्ध्या वाटेपर्यंत रिक्षा करायची, ते सर्जनना विचारून ठरवू. गर्दीत घुसायचं नाही, एवढं आत्ताच कबूल कर. मी रजेचा अर्ज टाकला आहे. शनिवारी रात्रीच्या गाडीने येते. तुझे जुने घसरडे स्लीपर फेकून द्यायचे आहेत, ते लपवून ठेवू नकोस. आणि बाबा, बीपीची गोळी.

तुमची,
ताई

ता. क. धाकट्याला सांगा, कठडा हलतोय, त्याचे स्क्रू मी यायच्या आत आवळून ठेव.