नाटकाची देणगी आमच्या घरापर्यंत कशी आली

आदरणीय ताई आणि संस्थेची सगळी मंडळी,

सप्रेम नमस्कार.

मी चोपडा तालुक्यातल्या एका गावात शिवणकाम करते. तुमच्या नाटकांचे कपडे माझ्या मशीनवर शिवले जातात. आभार फोनवरही मानता आले असते. पण तुमची माणसं पावतीपुस्तक घेऊन फिरतात आणि "नाटकाला कशाला? दवाखान्याला देऊ की!" हे ऐकून परत येतात, ते मी पाहिलंय. म्हणून सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते.

आमच्या धंद्याला दोनच सुगी, दिवाळी आणि लग्नसराई. पेरण्या लागल्या की घरातला पैसा बियाण्या-खतात जातो. साधं ब्लाउज टाकणारी बाईसुद्धा "पोळा झाल्यावर देते" म्हणते. कापसाची जिनिंग बंद असते, त्यामुळे यांच्याही हाताला काम नसतं. नेमक्या त्याच दिवसांत राज्य नाट्य स्पर्धेसाठी तुमच्या तालमी सुरू होतात आणि कपड्यांचं काम येतं. त्यातून पोरांची वह्या-पुस्तकं आली, किराण्याची उधारी फिटली. "समाजाचं काम आहे, थोडं कमी घ्या," असं तुम्ही मला कधी म्हणाला नाहीत. नेपथ्याचा सुतार, मंडपवाला, सामान नेणारा टेम्पोवाला, सगळ्यांचा हिशेब प्रयोग झाला की चुकता. देणगी कुठे जाते असं विचारणाऱ्यांना मी हेच सांगते.

कामही किती शिकवलंत! नऊवारी शिवलेली हवी, हूक नको, वेल्क्रो लावा, कारण विंगेत घाईघाईत बदलायची असते. कापड फाडण्याआधी तुम्ही मला जळगावच्या बालगंधर्व खुल्या नाट्यगृहात पुढे बसवलं आणि दिवे लावून दाखवले. निळ्या उजेडात लाल लुगडं काळं पडतं, हे मी तिथे पहिल्यांदा पाहिलं. तिथेच तुम्ही नारायणराव राजहंसांबद्दल सांगितलंत. 1888 साली जन्मलेला हा मुलगा लहानपणी जळगावात राहून गाणं शिकला, पुढे बालगंधर्व झाला आणि त्याचे शालू, त्याचे दागिने पाहून घरंदाज बायका तशी नेसण करायच्या. मी शिवते ते कपडे त्या परंपरेतले, हे ऐकून मला किती अभिमान वाटला, ते तेव्हा बोलता आलं नाही.

आता माझ्या मुलीचं. तालुक्याला शिकायला गेल्यावर तिच्या अहिराणी बोलीला कोणीतरी हसलं आणि तिने बोलणंच कमी केलं. मग उन्हाळ्यात तुम्ही आमच्या समाजमंदिरात बालनाट्य शिबिर घेतलंत, एक रुपया फी न घेता. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी न्यायला येणाऱ्या मुराळीची वाट बघणारी सासुरवाशीण, एवढीच गोष्ट. पोरांना म्हणालात, घरी बोलता तसंच बोला. "काय करी राहिनी वं माय?" हे तिचं पहिलं वाक्य, आणि समोर बसलेल्या दोन आज्यांनी तिथूनच उत्तर दिलं! सगळं समाजमंदिर हसलं, पण हे हसणं वेगळं होतं. परवा तलाठ्याकडे उताऱ्यासाठी तीच पुढे होऊन बोलली, मी मागे उभी.

त्या नाटकासाठी पोरं आज्यांकडे जाऊन गौराईची गाणी वहीत उतरवून आणत होती. आसोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं. घरच्यांनी गाणी लिहून ठेवली म्हणूनच त्या गेल्यावर 1952 मध्ये पुस्तक निघालं आणि सगळ्या महाराष्ट्राला त्या कळल्या. आमच्या गावातल्या आज्यांची गाणी आता निदान वहीत तरी आहेत. हे काम दुसऱ्या कोणी केलं नसतं.

आणखी एक गोष्ट मला फार मोठी वाटते. सातपुड्याच्या पायथ्याची पावरा आदिवासी कुटुंबं केळीच्या मळ्यांत राबतात, आमच्याच रस्त्याने येतात-जातात, पण गावाच्या कार्यक्रमात त्यांना कोणी बोलावत नाही. तुम्ही प्रयोग त्यांच्या वस्तीजवळ लावलात आणि गावातल्या बायकांनाही तिथेच यायला सांगितलंत. एका सतरंजीवर बसलो. त्यातली एक बाई दुसऱ्या आठवड्यात पोरीचा घागरा शिवायला माझ्याकडे आली. आता नेहमी येते.

ताई, श्रावणातल्या कानबाईच्या सणाआधी मुलांची मापं घेऊन ठेवते. गेल्या वेळच्या अंगरख्यांच्या शिवणीत मी कापड सोडलेलं आहे, ते उसवून वाढतील. नवं कापड घेऊ नका, ते पैसे दिव्यांच्या भाड्याला लावा. आणि पावतीपुस्तक घेऊन आमच्या गल्लीत याल तेव्हा मला हाक मारा, मी बरोबर येते.

तुमची,
कपडे शिवणारी ताई