घड्याळापाशी उभी राहा

तीर्थरूप आई-बाबा,
ताईचा शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबांना निम्मं ऐकू आलं आणि निम्मं नाही, म्हणून आज सगळं नीट लिहायला बसले. आई, तू हे मोठ्यानं वाचून दाखव. आणि वाचता वाचता डोळे भरून आले तर थोडं थांब, पण मधलं काही गाळू नकोस.

बाबा, पाडव्याला तुम्ही विचारलं होतं, "पोरांना तिकडं जत्रा कसली ती ठाऊक तरी हाय का गं?" तेव्हा मी विषय बदलला, कारण उत्तर "नाही" असंच होतं आणि ते तोंडातून निघेना. आता सांगते. पोरांनी जत्रा बघितली. दोन्ही दिवस बघितली.

दिवाळीनंतर आम्ही या नव्या घरी राहायला आलो ना, दक्षिण लंडनमध्ये हर्न हिलला, तिथून चालत दहा मिनिटांवर ब्रॉकवेल पार्क आहे. पार्क म्हटलं की कुंपणातली दोन कारंजी डोळ्यांपुढे आणू नका. चांगला सव्वाशे एकराचा माळ आहे, मधे चढत गेलेली टेकडी, हात पुरणार नाहीत एवढ्या बुंध्यांची झाडं आणि वर एक जुना वाडा. पूर्वी हे सगळं एका श्रीमंत घराण्याचं होतं. १८९२ साली ते लोकांसाठी खुलं झालं. थॉमस ब्रिस्टो नावाच्या खासदारांनी त्यासाठी फार खटपट केली होती, आणि उद्घाटनाच्याच दिवशी, समारंभ झाल्यावर, त्या वाड्याच्या पायऱ्यांवर त्यांचा प्राण गेला. हे कळल्यापासून त्या पायऱ्यांवरून जाताना माझे हात आपोआप जोडले जातात. पोरं त्याच उतारावरून लोळत खाली येतात.

तर या माळावर लॅम्बेथ कंट्री शो भरतो. लॅम्बेथ म्हणजे आमचा हा भाग, आणि त्याची पालिकाच हे भरवते. १९७४ पासून चालू आहे. हल्ली जूनमध्ये एका शनिवार-रविवारी असतो. शहरातच जन्मलेल्या पोरांना मेंढरं, कोंबड्या, भाजीपाला, शेतातली कामं डोळ्यांनी बघायला मिळावीत हा त्यातला मोठा भाग, आणि जोडीला गाणीबजावणी, खाणं, पाळणे. आत जायला पैसे नाहीत. फाटकावर पिशव्या तपासतात, तेवढंच.

फुकट या शब्दाचं मोल इथं आल्यावर मला कळलं, आई. दोन पोरांना घेऊन कुठंही जायचं तर आधी तिकिटं, आणि एकदा एवढे पैसे मोजले की पोरगं रडायला लागलं तरी आपण त्याला ओढत फिरवतो, पैसे वसूल व्हावेत म्हणून. इथं धाकटा अडीच वाजता पेंगायला लागला, आम्ही घरी आलो, तो दीड तास झोपला आणि साडेचारला परत गेलो. कुणी अडवलं नाही. जत्रा अशीच असायला पाहिजे ना? आपणही उन्हात घरी येऊन, जेवून, संध्याकाळी पुन्हा पालखीला जायचो.

आत मात्र पाळण्याला पैसे, खाण्याला पैसे, फुग्यालाही पैसे. मी घरून दशम्या, शेंगदाण्याची चटणी, काकडी आणि दोन मोठ्या बाटल्या लिंबूसरबत नेलं होतं. आणि निघतानाच पोरांना तुमचा नियम सांगितला, बाबा. आधी अख्खी जत्रा पायाखाली घालायची, मग एकच वस्तू मागायची; मागितली की ती मिळणारच, पण दुसरी नाही. लहानपणी मला वाटायचं हा नियम पैसे कमी होते म्हणून होता. आता पोरांच्या तोंडाकडे बघताना कळलं की आम्ही प्रत्येक दुकानापाशी थांबून, मनात तोलून, आख्खी जत्रा बघत होतो ती त्या नियमापायीच. थोरलीनं दोन तास विचार केला आणि तोंडावर सिंह रंगवून घेतला. पिवळाधमक. पालीला खंडोबाच्या लग्नात भंडाऱ्यानं आपण सगळे व्हायचो तशी दिसत होती. धाकट्यानं काय मागितलं सांगू? "मेंढी परत बघायची." त्याला पैसेच पडत नव्हते.

मेंढीचं मात्र सविस्तर सांगते, बाबा, कारण तिथं मला तुमची फार आठवण झाली. लाकडी फळ्यांचा ओटा घातला होता. एक तरणा गडी, हातात विजेवर चालणारं यंत्र. त्यानं मेंढी अलगद उचलून तिला माणसासारखी ढुंगणावर बसवली, पाठ आपल्या गुडघ्यांना टेकवून. तशी बसवली की ती एकदम गप्प होते, पाय झाडत नाही. मग पोटापासून सुरुवात. यंत्र कातडीला चिकटून फिरत होतं आणि लोकर तुकड्यातुकड्यांनी नाही, अख्खी एकसंध निघत होती, गोधडी उलगडावी तशी. बाहेरून मळकट आणि आतून पांढरीशुभ्र. दोन-तीन मिनिटांत मेंढी उघडी, आणि उठून चालायला लागली ती निम्म्या आकाराची झाल्यासारखी. धाकट्यानं विचारलं, "तिला थंडी वाजेल का?" गड्यानं त्याला जवळ बोलावून समजावलं की उन्हाळ्यात लोकर अंगावर ठेवली तर ती तापते, माश्या अंडी घालतात आणि जिवंतपणी किडे पडतात. इथल्या बहुतेक मेंढ्यांची लोकर आपोआप गळत नाही, वर्षातून एकदा कातरावीच लागते. मग त्यानं लोकरीचा एक पुंजका पोरांच्या हातात दिला. बोटांना मेणासारखं तेलकट लागत होतं, आणि वास थेट आपल्या रानातला.

उसाचा खोडवा मोडला की माण-खटावकडचे धनगर मेंढ्या बसवायला यायचे, आठवतं ना? तुम्ही मला घेऊन बांधावर बसायचात. त्यांच्या काळ्या मेंढ्या, ती मोठी लोखंडी कातर, आणि कातरलेली लोकर घोंगड्यांसाठी बांधून ठेवलेली. मी पोरांना ते सगळं सांगितलं. आणि एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहते. इथल्या शेतकऱ्यालाही लोकर विकून कातरणावळसुद्धा निघत नाही, अशी वर्षं कितीतरी गेली. हे ऐकून तुम्ही काय म्हणाल ते मला इथूनच ऐकू आलं.

भाज्यांचा तंबू मात्र आईसाठी. घरी पिकवलेल्या भाज्या, केक, मुरंबे, सगळं मांडून ठेवलेलं आणि नंबर लावलेले. त्यातही लोक रांग लावून बघतात ते भाज्यांची कोरीव कामं. वांग्यांचे पेंग्विन, फ्लॉवरच्या मेंढ्या, भोपळ्याची घरं. मोठी माणसं रात्र रात्र जागून करतात. लहान मुलांनाही भाग घेता येतो असं कळल्यावर आदल्या दिवशी थोरली माझ्यामागे लागली. मला एकच गोष्ट करता येते, बेंदराचा बैल. माती नव्हती, बटाटा घेतला. मोठा, लांबट, सालीसकट. काड्यांचे पाय, लाल मिरच्यांची शिंगं, लवंगांचे डोळे. वशिंडाला छोटा बटाटा अर्धा कापून बसवला आणि काळा पडू नये म्हणून लिंबू चोळलं. पाठीवर झूल तिनं स्वतः केली, माझ्या जुन्या खणाच्या तुकड्याची. आणि पुढं ठेवायच्या चिठ्ठीवर मी काही न सांगता तिनं मराठीत लिहिलं, "आजोबांचा बैल". "आ"चा काना थोडा लांब गेलाय, पण बरोबर आहे, बाबा.

नंबर आला नाही. तिला वाईट वाटलं, आणि मलाही. पण बैल दोन दिवस त्या टेबलावर उभा होता आणि लोक वाकून बघत होते.

त्या बैलापायीच पुढचं झालं. हे मी तुम्हाला फोनवर सांगितलं नाही.

रविवारी दुपारी गर्दी अशी की माणूस माणसाला लागून. तुमचे जावई धाकट्याला घेऊन पाण्याच्या रांगेत, मी थोरलीचा हात धरून. पिशवीतून टोपी काढायला हात सोडला, मान वर केली तर पोरगी नाही. तिला परत एकदा बैल बघायचा होता आणि ती सरळ निघून गेली होती. मी तंबूत धावले, तिथं नव्हती. मनगटावर माझा नंबर लिहिलेली पट्टी होती, पण गर्दीमुळे फोनच लागत नव्हता. हाक मारत होते आणि ढोल-बाजात माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. पिवळा रंगवलेला प्रत्येक चेहरा तिचाच वाटत होता.

मग आठवलं. सकाळी आत शिरताना मी दोघांनाही वाड्याजवळचं घड्याळ दाखवलं होतं. व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला साठ वर्षं झाली तेव्हा, १८९७ साली, एका खासदारांनी दिलेला घड्याळाचा उंच मनोरा आहे तो. सांगून ठेवलं होतं, चुकलीस तर कुणाला शोधत फिरू नकोस, घड्याळापाशी जाऊन उभी राहा, आम्ही तिथं येऊ.

ती तिथंच होती. मनोऱ्याला पाठ लावून, दोन्ही हात मागे घेऊन, रंग डोळ्यांखालून ओघळलेला. मला बघून रडली नाही. म्हणाली, "तू किती वेळ लावलास."

बारा मिनिटं. मी नंतर फोनवर वेळ बघितली.

बाबा, आपल्या जत्रेत तुम्ही दर वर्षी सांगायचात, चुकलीस तर दीपमाळेपाशी उभी राहा. सात वर्षांची असताना मी एकदा चुकले. कुस्त्या सुटल्या होत्या, पायांच्या जंगलातून मी कशीबशी दीपमाळेपर्यंत आले आणि दगडाला चिकटून उभी राहिले. तुम्ही आलात. रागावला नाहीत. टोपी काढून तिनंच माझं तोंड पुसलंत आणि मला खांद्यावर घेतलंत. मला इतकी वर्षं एवढंच आठवायचं, खांद्यावर बसून वरून दिसलेली जत्रा. त्या दिवशी घड्याळापाशी मला पहिल्यांदा आठवलं की टोपी धरलेला तुमचा हात थरथरत होता. लहान पोरीला त्याचा अर्थ लागला नव्हता. मीही थोरलीला रागावले नाही. ओढणीनं तिचं तोंड पुसलं. खांद्यावर घेणं मला जमलं नाही, ती आता जड झालीय, पण कडेवर घेतली आणि उतारापर्यंत तशीच आणली.

संध्याकाळी शेजारच्या आजी भेटल्या, त्या जमैकाच्या. लहानपणी आईवडिलांच्या मागून बोटीनं इथं आल्या. तुम्हाला मागे सांगितलं होतं ना, १९४८ च्या जूनमध्ये विंडरश नावाच्या बोटीनं वेस्ट इंडीजमधून लोक आले, त्यातल्या दोनशेहून जास्त जणांची सोय इथून जवळ, क्लॅपहॅमला जमिनीखालच्या युद्धकाळातल्या तळघरात केली होती. काम मिळवून देणारी कचेरी ब्रिक्स्टनला होती, म्हणून पुष्कळ जण तिथंच आसपास राहिले. त्यांची पोरं-नातवंडं आज या जत्रेत गाणी लावतात, निखाऱ्यावर मसाल्याची कोंबडी भाजतात, तो धूर टेकडीवर सगळीकडे असतो. आजी घडीची खुर्ची आणून बसल्या होत्या. मी त्यांना दशमी आणि चटणी दिली, त्यांनी आपल्या राजेळीसारखी पिकलेली केळी तळून आणली होती ती दिली. थोरलीची गोष्ट ऐकून त्या काही बोलल्या नाहीत, नुसता तिच्या डोक्यावरून हात फिरवला. आई, अगदी तुझ्यासारखा, मागून पुढे.

पुढच्या जूनला तुम्ही दोघं या. व्हिसाला लागणारे कागद मी ऑक्टोबरातच जमवायला घेते. चढ आहे, पण बाबांच्या गुडघ्यांसाठी सावलीला खुर्ची टाकून देऊ आणि मेंढ्यांच्या ओट्यासमोर बसवू. आईनं कैरीचा मुरंबा घालून आणावा, तंबूत मांडायला. मला नंबरही नको, तो नुसता त्या टेबलावर दिसायला हवा.

आता कामाचं. बैल घरी आणला होता. आठवड्यात शिंगं वाळली, झूल आम्ही धुऊन ठेवली, पण बटाट्याला तीन डोळे फुटले. टाकवेना, म्हणून पोरांनी काड्या काढून तो मागच्या अंगणात एका मोठ्या कुंडीत पुरला. धाकटा रोज पाणी घालतो, बहुतेक जास्तच. काल हिरवा कोंभ वर आलाय, दोन बोटं उंच. बाबा, तुम्ही पुसेगावकडून बेणं आणून बटाटा लावायचात, तेव्हा भर कधी द्यायचात? कोंभ किती वर आल्यावर? आणि पाणी रोज द्यायचं की एक दिवसाआड? आईला सांगा, ती मला लिहून पाठवेल. थोरली रोज विचारते, आजोबांचं उत्तर आलं का म्हणून.

तुमची,
ताई